गडद निळा की मोहरी पिवळा? आधी भिंत कुठली ते सांगा

प्रश्न असा: नेरूळला १० बाय १२ ची बेडरूम, तीन भिंती पांढऱ्या, पलंगामागची एक गडद निळी करावी की मोहरी?

निळी. पण ती भिंत इमारतीच्या बाहेरच्या बाजूची असेल तर ओल तपासल्याशिवाय दोन्ही नको.

कोपरखैरण्यात अशाच एका बेडरूममध्ये पश्चिमेच्या भिंतीला निळा मारला. मे महिन्यात काम झालं, झकास दिसलं. ऑगस्टमध्ये खिडकीखाली खार फुटला. पांढऱ्यावर तो कुणाच्या लक्षातही आला नसता, निळ्यावर मीठ सांडल्यासारखा उठून दिसला. ओल्या फडक्याने पुसला की विरघळून आत जायचा, भिंत वाळली की परत वर. टच-अप केलं तर ठिगळ. दोष बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेचा, बोलणी खाल्ली रंगाने. म्हणून आधी दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर रंगाचं नंतर बघू, आधी गळती. ही परीक्षा पावसाळ्यातच घ्या, मेमध्ये सगळ्याच भिंती सज्जन असतात.

आता निळाच का? भिंत ९० चौरस फुटांची धरली तर दोन हातांना साधारण एक ते दीड लिटर लागतो. बऱ्याच पिवळ्या रंगद्रव्यांची झाकण्याची ताकद कमी, त्यामुळे मोहरी तिसरा हात मागू शकते. निळ्याखाली राखाडी केलेला प्रायमर मारा, दोन हातांत भागतं. मोहरीखाली पांढराच हवा. 'डार्कला प्रायमर कशाला' म्हणणाऱ्या पेंटरांशी माझं जुनं भांडण आहे. प्रायमर नसेल तर लांबी (म्हणजे पुट्टी) जागोजागी कमीजास्त रंग पिते, ट्यूबलाइट लावली की चट्टे मोजून घ्या. लांबी घासल्यावर टॉर्च भिंतीला आडवी धरून बघा, खड्डे तेव्हाच दिसतात. आणि अगदी मॅट घेऊ नका, पलंगामागे डोकी घासून तुकतुकीत डाग पडतात.

शेडकार्डाचा बोटभर तुकडा बघून ठरवू नका. दोन्ही रंगांचे सॅम्पलर, म्हणजे नमुन्याचे छोटे डबे, आणा, दोन फुटी पुठ्ठ्यांवर प्रायमर, मग रोलरने दोन हात. पुठ्ठे पलंगामागे उभे करून सकाळी, पाच वाजता आणि रात्री बघा. हो, रात्री ३००० केल्विनचा पिवळा एलईडीच लावणार असाल तर निळा काळपट पडतो, मोहरी खुलते. ६५०० च्या पांढऱ्यात मोहरी हिरवट मारते. तेव्हा वरचं 'निळी' हे पांढऱ्या दिव्यापुरतं धरा.

निळा टेपखाली झिरपू नये म्हणून कडेला लावलेल्या मास्किंग टेपच्या काठावर आधी शेजारच्या भिंतीचा पांढरा फिरवा, तो वाळला की निळा. टेप शेवटचा हात ओलसर असतानाच काढा.