रुग्णालयातील चॅप्लेनचे काम : पदवी कोणती, नोकरी कुठे?

लालबागच्या पालकभगिनींस,
स. न. वि. वि.

आपली मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी आजीचे अखेरचे आजारपण जवळून पाहिल्यापासून तिने रुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आणि कुटुंबीयांना मानसिक व आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती, व्हायचे मनात घेतले आहे, आणि हे पाद्र्यांचे काम तिला कोण देणार व त्यावर तिचे कसे भागणार, अशी आपली चिंता आहे.

हे काम ख्रिस्ती परंपरेतून आले आणि मुंबईतही मिशनरी संस्थांच्या रुग्णालयांत ते मुख्यतः फादर आणि सिस्टरच पाहतात, हे खरे आहे. मात्र पाश्चात्त्य देशांतील मोठ्या रुग्णालयांत आज हिंदू, मुस्लिम, बौद्ध, तसेच कोणताही धर्म न मानणारे चॅप्लेनही आहेत. त्यांचे काम प्रवचन देण्याचे नाही. ‘हे माझ्याच वाट्याला का आले’ असे विचारणाऱ्या माणसाजवळ उत्तर देण्याची घाई न करता बसणे, त्याला बळ कशातून मिळते हे त्याच्याकडूनच समजून घेणे, त्याने मागितल्यास मौलवी, भंते किंवा गुरुजींना बोलावणे, व्हेंटिलेटरबाबतच्या निर्णयापाशी अडलेल्या कुटुंबाला धीर देणे, असे ते काम असते. वॉर्डात मृत्यू झाल्यावर परिचारिकांची विचारपूस करणेही त्यातच येते, आणि आपल्याकडे ती सहसा कोणी करत नाही.

नोकरीचे म्हणाल तर मिशनरी रुग्णालये सोडता मुंबईत ‘चॅप्लेन’ या नावाची जाहिरात जवळजवळ दिसणार नाही. त्यामुळे केवळ त्या नावामागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हेच काम येथे समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक आणि पॅलिएटिव्ह केअरचे (गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारसेवेचे) पथक यांच्यात वाटले गेले आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळ सुरू करणाऱ्या ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी मांडलेल्या ‘संपूर्ण वेदने’च्या कल्पनेत शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे चारही पदर येतात, म्हणून आपल्या मुलीसाठी खरा दरवाजा पॅलिएटिव्ह केअरचाच आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, मानले जाणारे शांती आवेदना सदन 1986 पासून वांद्र्यात आहे.

पदवी म्हणून मी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, सुचवेन. देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक 1946 मध्ये आपल्याच जे. जे. रुग्णालयात झाली. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन येथे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यानंतर सरकारी, पालिका आणि धर्मादाय रुग्णालयांत पदे असतात. सरकारी पदावर वेतनश्रेणी मिळते, स्वयंसेवी संस्थांत मात्र पगार बेताचा आणि नेमणूक बहुधा कंत्राटी असते.

मुलीला एक गोष्ट आधीच सांगावी. समाजसेवकाचा मोठा वेळ जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, ट्रस्टना करायचे अर्ज आणि बाहेरगावच्या रुग्णांसाठी धर्मशाळेतील जागा यांतच जातो. हे आपल्या आवडीचे काम नाही असे तिला वाटेल. परंतु पुढच्या केमोचे पैसे कोठून आणायचे या काळजीत असलेल्या माणसाशी मनःशांतीविषयी बोलणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याचा अर्ज मार्गी लावणारी व्यक्तीच पुढे त्याच्या भीतीविषयी ऐकू शकते, कारण तोवर त्याचा विश्वास बसलेला असतो.

चॅप्लेनच्या विशेष प्रशिक्षणाला क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन म्हणतात. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ते मिळते. अन्य धर्मीयांसाठी प्रवेशाच्या अटी काय आहेत, हे आधी पत्राने विचारावे. अमेरिकेत प्रमाणित चॅप्लेन होण्यासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि या प्रशिक्षणाची चार सत्रे लागतात, त्यांतील प्रत्येक सत्र किमान 400 तासांचे असते. तो खर्च नोकरीचा काही वर्षांचा अनुभव घेतल्यानंतरच करावा.

तूर्त अंतिम परीक्षा झाल्यावर तिने एखाद्या हॉस्पिसमध्ये किंवा गृहसेवा देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जावे. जवळच्या व्यक्तीच्या निधनानंतर साधारण वर्षभर थांबायला अनेक संस्था सांगतात, कारण रुग्णाजवळ बसलेल्याचे स्वतःचे दुःख ताजे असेल तर तो रुग्णाऐवजी स्वतःचेच ऐकत राहतो. त्यामुळे आजीच्या निधनाची गोष्ट मुलाखतीत लपवू नये आणि थांबायला सांगितल्यास तो नकार समजू नये. एम.एस.डब्ल्यू.च्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज मात्र तिने त्यासाठी लांबणीवर टाकू नये.

आपला,
करिअर समुपदेशक