कंदी पेढे जर्मनीला जातील का?
परदेशवारी : वाचकांचे प्रश्न

मुलगी जर्मनीत असते. तिचं बाळंतपण 15 मार्चच्या आसपास आहे. चार महिने राहायचा विचार आहे. सोबत डिंकाचे लाडू, साजूक तूप आणि कंदी पेढे न्यायचे आहेत. चालेल ना?
– एक वाचक, सातारा

आधी मुक्कामाचं बोलू. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, चार महिने राहताच येत नाही. कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, तेही उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरून. 1 मार्चला पोहोचलात तर 29 मेपर्यंत बाहेर पडायला हवं, आणि सलग 90 दिवस वापरले की 28 ऑगस्टच्या आत पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. 12 ऑक्टोबर 2025पासून तिथल्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवणारी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्यानं आली. त्यामुळे दिवस मोजण्याचं काम आता यंत्र करतं. ‘दोन दिवस वर झाले तर कोण बघतंय’ हा हिशेब सोडा.

यावर सोपा तोडगा म्हणजे पाळी लावणं. प्रत्येकाचे 90 दिवस वेगळे मोजतात. पहिले तीन महिने तुम्ही, पुढचे विहीणबाई. 1 मार्चला गेलात तर बाळाचा सव्वा महिना होऊन वर महिनाभर हाताशी उरतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी; पण इतकं थांबू नका. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान 30,000 युरोचा आणि पूर्ण मुक्कामाचा लागतो. खर्च मुलगी-जावई करणार असतील तर जावयानं तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात पगाराचे कागद दाखवून खर्चाची लेखी हमी काढावी. तिची मूळ प्रत तुमच्याकडे यायला हवी, म्हणजे पोस्टाचे दिवसही धरा. व्हिसा हातात आला की ‘पासून-पर्यंत’ तारखांवर खूश होऊ नका. पासपोर्टमध्ये लावलेल्या व्हिसाच्या त्याच चिकटपत्रावर मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात. तिथं 60 असेल तर 60च, तारखा कितीही लांबच्या असोत.

आता पेढे. नाही जाणार. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, घरगुती वापरासाठीही नाही. पेढा म्हणजे खवाच, आणि तूपही दुधाचंच. कारण जनावरं पाळणाऱ्याला लगेच पटेल : लाळ्या-खुरकूत, दूध-मांसातूनही पसरू शकणारा गुरांचा रोग. जानेवारी 2025मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्गच्या म्हशींमध्ये हा रोग निघाला, तोही 1988नंतर पहिल्यांदा. तेव्हापासून तिथले लोक याबाबत जास्तच हळवे आहेत.

लाडू हा मधला प्रकार. मिठाईला सवलत आहे, पण तुपात थबथबलेला लाडू मिठाई की दुधाचा पदार्थ, हे समोरचा अधिकारी ठरवणार. त्यापेक्षा डिंक, खारकेची पूड, सुंठ, जायफळ असं कोरडं साहित्य वेगवेगळ्या पाकिटांत, नावं लिहून न्या. लोणी तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतं. ते कढवा आणि लाडू तिथंच वळा. ओला कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, ओली हळद मात्र नको. ताज्या वनस्पतीला रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो.

दुबईला भावाकडे जाताना घरचा कांदा-लसूण मसाला, बेदाणे आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ का?
– एक वाचक, तासगाव

बेदाणे खुशाल न्या. मसाल्यात खसखस आहे का, ते घरात विचारा. आपल्याकडे ती सर्रास घालतात, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. चिमूटभर असली तरी मसाला घरीच ठेवा. नेण्यासाठी बिनखसखशीचा वेगळा कांडून घ्या. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याचं नाव आहे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. 100 वॅट-अवरपर्यंत, म्हणजे साधारण 27,000 एमएएचपर्यंत, सहसा अडवत नाहीत. फक्त आकडा वाचता येईल असा छापलेला हवा.

पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचं नाव आहे. तिकिटात ते कुठं लिहायचं?
– एक वाचक, मिरज

पासपोर्टवर दोनच खाने असतात : आडनाव, आणि ‘गिव्हन नेम’. दुसऱ्या खान्यात तुमचं आणि वडिलांचं नाव असेल तर तिकिटाच्या ‘फर्स्ट नेम’मध्ये दोन्ही, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं लिहा. छापील तिकिटावर ती जोडून, शेवटी एमआर (म्हणजे मिस्टर) लावून येतात, त्याला घाबरू नका. खरी अडचण आडनावाचा खाना रिकामा असलेल्यांची. नोव्हेंबर 2022पासून अमिराती पर्यटक व्हिसावर एकेरी नाव चालवत नाहीत. अशांनी आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा.

मुंबईहून विमान 14 तारखेला रात्री 1.40ला आहे. घरून 14 ला दुपारी निघालो तर चालेल?
– एक वाचक, विटा

नाही! ते विमान 13च्या रात्री आहे. मध्यरात्र उलटली की तारीख बदलते, आणि सर्वांत जास्त विमानं चुकतात ती याच घोळात. तीन तास आधी म्हणजे 13 ला रात्री साडेदहाला विमानतळावर. खंबाटकी आणि बोरघाट कुणाचं ऐकत नाहीत, म्हणून 13 ला दुपारी एकच्या आत घर सोडा. सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते. नंतर हात जोडून उपयोग नाही.

थोडक्यात

शाकाहारींनी विमानात ‘हिंदू मील’ मागू नये, त्यात मांसाहार असू शकतो. ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागा, तेही उड्डाणाच्या दोन दिवस आधी.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खालच्या सामानात ते गोठून वाया जाऊ शकतं.

परदेशी दुकानात कार्ड मशीननं ‘रुपयांत भरू का’ विचारलं तर तिथलंच चलन निवडा. रुपयांत म्हटलं की दर तो दुकानदाराकडचा, आणि तो जवळजवळ नेहमी महाग.