बायपोलरची शंका आहे, मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याआधी काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की परभणीच्या फिजिशियननी बायपोलरची (कधी खूप तेजी, कधी खोल उदासी अशा मनाच्या आजाराची) शंका काढून पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलंय आणि तिथं काय सांगावं ते सुचत नाही. मी लातूरकडचा, याच आजाराच्या गोळ्या घेतो, म्हणून लिहितोय.

आपण दवाखान्याची पायरी चढतो ती उदास असताना, आणि उदासीच सांगून येतो. तुम्ही 'भारी' दिवस, म्हणजे अंगात तेजी असते ते दिवस, आधी सांगा. त्या दिवसांत आजारी असल्यासारखं वाटत नाही, म्हणून ते राहूनच जातात. मग नुसती डिप्रेशनची गोळी सुरू होते आणि बायपोलर असेल तर ती कधी कधी माणसाला उलट वर उडवते. तीन-चार तास झोपूनही थकवा नव्हता, असं कधी झालं? बोलणं थांबत नव्हतं? बियाण्याचे पैसे भलतीकडंच उडवले, उगाच भांडणं काढली? आणि ते किती दिवस चाललं? डॉक्टर हे विचारणारच, कारण सौम्य तेजीसाठी निदान 4 दिवस, पूर्ण उन्मादासाठी आठवडा आणि उदासीसाठी 2 आठवडे असा ढोबळ निकष आहे. तारखा कुणाला आठवतात! पोळा, सोयाबीनची काढणी, लग्नसराई अशा खुणांनी मांडा. सगळं एका कागदावर बसवा. घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) काय किंवा जिल्हा रुग्णालयात काय, ओपीडीत गर्दी असते, वही वाचायला वेळ नसतो.

घरातलं कुणीतरी सोबत न्याच. तेजीतले तुम्ही त्यांनी पाहिलेले असता. पण थोडा वेळ एकट्यानं बोलायचंय, असंही डॉक्टरांना सांगा. दारू, गांजा, मरणाचे विचार या गोष्टी भावासमोर निघत नाहीत. असे विचार आत्ताच येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. फारच असह्य झालं तर सरळ जवळच्या दवाखान्यात जा.

आजीला विचारून ठेवा. एखादे काका 'सणकी' होते, एखाद्या आत्याला 'बाहेरचं' म्हणून देवाला नेत होते, असं काही निघालं तर तेही कागदावर घ्या. अनुवंशिकतेचा धागा असाच सापडतो, आमच्याकडं तरी असाच सापडला.

चालू गोळ्यांची पाकिटं न्या, वैद्यांच्या पुड्यासुद्धा. स्टेरॉइड घेतलं असेल तर नक्की सांगा, त्यानंही तेजी येऊ शकते. थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर तोही ठेवा. बायपोलर दाखवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो, त्यामुळं पहिल्या भेटीत पक्कं नाव मिळालं नाही तर डॉक्टर बदलू नका.

लिथियम (मन स्थिर ठेवणारं औषध) लिहून दिलं तर रक्ततपासणी कधी करायची आणि उन्हाळ्यात काय जपायचं हे विचारूनच उठा. आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं किंवा जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं की त्याची रक्तातली पातळी चढते. बाई असाल आणि मूल हवं असेल तर तेही पहिल्याच भेटीत बोला, कारण याच आजारात देतात ती व्हॅल्प्रोएटसारखी गोळी गरोदरपणात बाळाला धोक्याची असते. आणि जाण्याआधी, 'डॉक्टरांना खरं चित्र दिसावं' म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.