थिएटरसारखे पॉपकॉर्न घरी: मीठ वरून नको, तेलात घाला

नाशिकच्या ताईंनी विचारलंय की घरच्या पॉपकॉर्नला थिएटरची चव का येत नाही. बटर वितळवून ओतलं की पॉपकॉर्न चिवट होतात, आणि मीठ सगळं पातेल्याच्या तळाशी जाऊन बसतं. ताई, या दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण आधी मका फोडतो आणि मग त्याला चव द्यायला जातो. थिएटरमध्ये हे उलटं असतं. मी काही वर्षं एकपडदा थिएटरच्या काउंटरवर यंत्र चालवलंय. तिथे तापलेल्या भांड्यात दाणे, तेल आणि पिवळं बारीक मीठ एकाच वेळी पडतं. दाणा फुटतो तोच खारट होऊन बाहेर येतो.

ही पद्धत यंत्राइतकीच जुनी आहे. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्सने १८९३च्या जागतिक प्रदर्शनात वाफेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र मांडलं. त्याआधी विक्रेते जाळीच्या टोपलीत दाणे घालून ती विस्तवावर हलवायचे. त्यामुळे पॉपकॉर्न कोरडे व्हायचे आणि मीठ कुठे जास्त, कुठे कमी लागायचं. क्रेटर्सच्या यंत्रात दोन भाग चरबी, एक भाग कढवलेलं लोणी (म्हणजे आपलं तूपच) आणि मीठ यांच्या मिश्रणात मका फुटायचा. यातलं लोणी कढवलेलं होतं, हे लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुढे येते.

आधी मिठाचं बघू, कारण निम्मी चव तिथेच आहे. अमेरिकन थिएटरांत फ्लेवाकॉल नावाचं मीठ वापरतात. त्यात मीठ, लोण्याच्या वासाचा अर्क आणि पिवळा रंग असतो, दुधाचा अंशही नसतो. पण त्याची खरी करामत बारीकपणात आहे. घरचं मीठ तव्यावर कोरडं गरम करून घ्या, पूर्ण गार झालं की मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवा आणि झाकण उघडायच्या आधी मिनिटभर थांबा, नाहीतर ठसका लागेल. पिठीसाखरेसारखं झालं पाहिजे, बोटांत चोळलं तर खर लागता कामा नये. मीठ तेलात विरघळत नाही, पण इतकं बारीक असेल तर ते तेलाबरोबर प्रत्येक दाण्याला माखलं जातं. १०० ग्रॅम दाण्यांना अर्धा ते पाऊण छोटा चमचा पुरतं. रंग हवा असेल तर त्यातच चिमूटभर हळद घाला. आपल्याकडचे कुकरवर पॉपकॉर्न करणारे गाडीवाले तेच करतात. चिमटीहून जास्त झाली तर मात्र करपट वास येतो.

आता तेल. थिएटरच्या दारातून आत शिरताच जो वास येतो, तो खोबरेल तेलाचा. अमेरिकेत १९९४ साली ग्राहकहितासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने या तेलातल्या संपृक्त चरबीवर टीकेची झोड उठवली आणि अनेक थिएटरांनी तेल बदललं. तब्येतीच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं बरोबर होतं, रोज खायचा हा पदार्थ नव्हेच. पण चवीचा प्रश्न असेल तर सूर्यफुलाच्या तेलात ती येत नाही, हे माझं ठाम मत आहे. बाटलीवर खाद्यतेल असं लिहिलेलं, रिफाइंड खोबरेल घ्या. घाण्याचं तेल लवकर धुरावतं आणि त्याचा वास मक्यावर मात करतो. कोकणातल्या मंडळींना तो आवडेलही, पण ती थिएटरची चव नाही. प्रमाण वजनाने तीनास एक, म्हणजे १०० ग्रॅम दाण्यांना ३० ते ३५ ग्रॅम तेल. जास्त वाटतं, पण हात आखडता घेऊ नका.

दाणे पॉपकॉर्नचेच हवेत, दळायचा मका फुटत नाही. प्रत्येक दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा असतो. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला की आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊपट होतो, साल फाटते आणि आतला स्टार्च फुलून बाहेर येतो. ओलावा उडाला की दाणा फुटत नाही, नुसता करपतो. म्हणून सुटे, बरेच दिवस उघड्या पोत्यात पडलेले दाणे घेऊ नका, आणि घरी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. गणंग फार निघायला लागले तर अर्ध्या किलोला एक छोटा चमचा पाणी घालून बरणी हलवा आणि तीन-चार दिवस बंद ठेवा. दाणे बऱ्याचदा सुधारतात.

पातेलं जाड बुडाचं आणि १०० ग्रॅमला निदान पाच लिटरचं घ्या. मध्यम आचेपेक्षा थोडी मोठी आच, तेल आणि त्यात तीन दाणे. हे तिन्ही फुटले की तेल तापलं असं समजा. मग पातेलं खाली उतरवून बाकीचे दाणे आणि मीठ एकदम घाला, हलवा आणि अर्धा मिनिट तसंच राहू द्या. सगळे दाणे सारखे तापतात आणि नंतर जवळजवळ एकदमच फुटतात. परत आचेवर ठेवलं की झाकण घट्ट लावू नका, एका बाजूने बोटभर फट ठेवा. वाफ बाहेर गेली नाही तर तीच पॉपकॉर्नमध्ये जिरते आणि ते रबरासारखे होतात. कुकरमध्ये करणार असाल तर रिंग आणि शिट्टी काढलेलीच हवी. अधूनमधून पातेलं हलवत राहा. दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की लगेच परातीत ओता. शेवटच्या चार दाण्यांसाठी थांबलात तर सगळं करपेल.

परातीत मिनिटभर पसरून ठेवा, उरलेली वाफ निघून जाते. थिएटरच्या काचेच्या पेटीला खाली भोकं असतात, त्यातून गणंग गळून पडतात. घरी हाताने पॉपकॉर्न वरवर उचलून दुसऱ्या भांड्यात घेतले तरी ते तळाशी राहतात.

आता राहिलं बटर. बाजारच्या बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि तेच तुमचे पॉपकॉर्न चिवट करतं. थिएटरच्या पंपातून येतं ते बहुतेक ठिकाणी वासाचं तेल असतं, त्यात पाणी नसतं. म्हणून बटर मंद आचेवर ठेवा. तडतड थांबली, फेस बसला आणि तळाशी बेरी फिकट बदामी दिसली की वरचं सोनेरी तूप अलगद ओतून घ्या. बेरी लाल होईपर्यंत थांबू नका, नाहीतर साजूक तुपाचा वास येतो आणि बटरचा जातो. बटरमधलं मीठ बेरीत राहतं, त्यामुळे खारटपणा वाढत नाही. १०० ग्रॅम मक्याला दोन मोठे चमचे पुरे. सगळं एकदम ओतू नका. मोठ्या भांड्यात पॉपकॉर्नचा एक थर, त्यावर चमच्याने धार, मग दुसरा थर, असं करा आणि लगेच वाढा.

पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर तसंच रात्रभर ठेवू नका, मिठाने त्याला खड्डे पडतात. दुसरा घाणा करायचा असेल तर तळाशी राहिलेलं मीठ आणि टरफलं कोरड्या फडक्याने पुसून मगच नवं तेल घाला, नाहीतर तेच करपून पुढच्या घाण्याला वास लागतो.