पद्मिनीचे डिस्क ब्रेक: कर्ज नको, टप्पे पाडा

प्रश्न: वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी मी साताऱ्यात वापरतो. सुट्टीला पसरणी घाटाने पाचगणीला जाणं होतं, आणि उतरताना ब्रेकची भीती वाटते. गॅरेजने पुढे डिस्क ब्रेक, पेडलचा जोर वाढवणारा सर्वो आणि मास्टर सिलिंडरचे ९५,०००, नव्या धाटणीच्या सस्पेन्शनचे १,०५,००० आणि चाकं-टायरचे ४०,००० असा २,४०,००० रुपयांचा अंदाज दिलाय. हातात पगार ८२,००० येतो. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ५८,००० जातात. मुलगा नववीत आहे, त्याच्या शिक्षणासाठी १०,००० ची एसआयपी चालू आहे. ३ लाखांची एफडी आहे. ती मोडू की पर्सनल लोन घेऊ?

नमस्कार. दोन्ही नको.

तुमची एफडी म्हणजे जेमतेम पाच महिन्यांचा खर्च. नोकरीत खंड पडला किंवा घरात आजारपण आलं तर तोच आधार आहे. पर्सनल लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे ८,०९० रुपये बसेल आणि व्याजच ५१,००० च्या आसपास जाईल. मुलगा बारावीला पोचेल तेव्हाही हप्ते चालूच असतील.

घातलेले पैसे विकताना निघतील, असंही धरू नका. जुन्या गाडीचा हौशी गिऱ्हाईक बहुतेक वेळा मूळ सुट्या भागांना जास्त मोल देतो. वैयक्तिक वापराची गाडी विकून झालेल्या नफ्यावर साधारणपणे भांडवली नफा कर लागत नाही, पण तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही. तेव्हा हा खर्च हौसेचा आणि सुरक्षेचा आहे असं समजूनच करा. वडिलांच्या गाडीवर तो करावासा वाटणं मला पूर्ण पटतं.

मात्र यातली सुरक्षा किती आणि हौस किती, हे वेगळं काढायला हवं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ड्रम तापतात, त्यांना आतून घासणाऱ्या लायनरची पकड कमी होते, म्हणून तुमची भीती रास्त आहे. पण अशा जुन्या गाडीत निम्मा दोष अनेकदा देखभालीचा असतो. म्हणून आधी व्हील सिलिंडर, रबरी होस, लायनर आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या, ड्रम तपासून घ्या, चांगले टायर घाला. डिस्कपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून पाहा. घाट उतरताना गिअर खाली ठेवायचा, हे डिस्क बसवल्यावरही सुटत नाही.

तरी समाधान झालं नाही तर डिस्क जरूर बसवा. दरमहा तुमच्याकडे १४,००० उरतात. सात महिन्यांत ९८,००० होतील, एसआयपीला हात न लावता. गॅरेजला मात्र एक गोष्ट नक्की विचारा: पुढच्या डिस्कशी मागच्या ड्रमचा जोर कसा जुळवणार? तो जुळला नाही तर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा कारागीर बघा.

सस्पेन्शनचे १,०५,००० मी सध्या तरी खर्च करणार नाही. पद्मिनीला पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणाऱ्या वर-खालच्या भुजा) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग. मूळ रचना चांगली आहे. झिजलेले बुश (सांध्यांतले रबर) आणि शॉकअप बदलले, पाटे नीट करून घेतले, तरी गाडीचं डोलणं बरंच कमी होतं.

बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन घालतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर ठाम भूमिका घेतली. न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडकू शकतो. तो तोटा वरच्या सगळ्या आकड्यांहून मोठा.

२०२८ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या नियमांनुसार मूळ रूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी २०,००० रुपये भरून व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मग ती रोज वापरता येत नाही, म्हणून तुम्हाला ते हवं असेलच असं नाही. पण ती वाट बंद करू नका. चासी कापायची किंवा वेल्डिंग करायची नाही, असं गॅरेजकडून कोटेशनवरच लिहून घ्या, आणि काढलेले सगळे मूळ भाग पुसून, ग्रीस लावून घरी आणा.