वाचकांचे प्रश्न : इबोलाची ॲंटीबॉडी आणि आपला माकडताप

प्रश्न : रक्तस्रावी तापाच्या विषाणूंना ॲंटीबॉडी पेशीत शिरू देत नाहीत, असे वाचले. हे कसे घडते? आमच्या भागातल्या माकडतापावर त्या चालतील का? (वाचक, चंदगड, जि. कोल्हापूर)

उत्तर : इबोलाला अडवायची खरी जागा पेशीच्या दारात नाही, आत आहे. पेशी विषाणूला भोवतालच्या द्रवासकट गिळते आणि तो एका पिशवीत पडतो. पिशवी आम्लधर्मी होत जाते. तिथली कॅथेप्सिन ही विकरे विषाणूच्या ग्लायकोप्रोटीनवरचे (पृष्ठभागावरच्या साखरयुक्त प्रथिनावरचे) साखरेचे टोपण कापतात. खालचा भाग उघडा पडला की तो पिशवीच्या भिंतीतल्या एनपीसी१ प्रथिनाला धरतो आणि विषाणूचा ऐवज पेशीत उतरतो. त्यामुळे रक्तात घट्ट बसणारी, पण आम्लात सुटणारी ॲंटीबॉडी इथे कुचकामी. ॲन्सुव्हिमॅब ही इबोलावरची ॲंटीबॉडी मात्र विषाणूबरोबर आत जाते, टोपण गेल्यावरही सुटत नाही आणि एनपीसी१ची जागा अडवून धरते. १९९५च्या किक्विट (काँगो) साथीतून वाचलेल्या रुग्णाच्या रक्तपेशींतून ती मिळाली.

मात्रा एकदाच, किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलाइनमधून सुमारे तासाभरात. ६० किलोच्या रुग्णाला ३,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या ८ बाटल्या. पावडर विरघळवताना बाटली हलकेच फिरवावी. जोराने हलवली तर फेस येतो.

वेळ सर्वांत महत्त्वाची. काँगोतल्या २०१८-१९च्या चाचणीत रक्तात विषाणू कमी असताना हे औषध मिळालेल्यांपैकी सुमारे १० टक्के दगावले, जास्त असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के. आधीच बाधित झालेल्या पेशी ॲंटीबॉडीला सोडवता येत नाहीत.

दक्षिण अमेरिकेतल्या हुनिन, माचुपो या रक्तस्रावी तापाच्या विषाणूंवर उलटा मार्गही प्रयोगशाळेत तपासला गेला : पेशीवरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टरच झाकायचा. पण पेशी लोह त्याच्यातूनच घेते, तेव्हा विषाणू अडावा आणि लोह जावे अशी जागा शोधावी लागते.

माकडतापावर ॲन्सुव्हिमॅब चालणार नाही. तो विषाणू डेंग्यूच्या कुळातला, त्याचे पृष्ठप्रथिन वेगळे. ही ॲंटीबॉडी सुदान जातीच्या इबोलावरसुद्धा चालत नाही. माकडतापासाठी मान्य ॲंटीबॉडी अजून नाही. द्रव, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळणे हाच उपचार. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून होतो, म्हणून जंगलात किंवा काजूच्या बागेत जाऊन आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका.