स्थलांतर आणि समाजजीवन यांवरचा एखादा राजकीय रॉक अल्बम सुचवाल का? इंग्रजी जेमतेम कळतं.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'द घोस्ट ऑफ टॉम जोड' ऐका. 1995 चा अल्बम, बारा गाणी. ड्रमचा दणदणाट हवा असेल तर हिरमोड होईल. बहुतेक गाण्यांत गिटार आणि पुटपुटल्यासारखा आवाज. (शीर्षकगीत पुढे 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडनं गायलं, ते मात्र कडाडतं.)

मी धारूर तालुक्यातला, बीड जिल्हा. आई-वडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. त्यामुळे हा अल्बम माझ्यासाठी नुसता गाण्यांचा नाही. टॉम जोड हा जॉन स्टाइनबेकच्या 1939 च्या कादंबरीतला तरुण. दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातली शेती बुडाली, जमिनी हातच्या गेल्या, आणि घरंच्या घरं कॅलिफोर्नियाच्या मळ्यांकडे निघाली. स्प्रिंगस्टीनच्या काही गाण्यांत त्याच कॅलिफोर्नियात मेक्सिकोहून आलेली माणसं राबतात. आमच्याकडे दसरा-दिवाळी सरली की मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याचा, ट्रक येतो. भांडी, सरपण, शेळी, लेकरं सगळं त्यात. कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटक. म्हातारी माणसं तेवढी गावात उरतात.

माझ्या मते सगळ्यात ताकदीचं गाणं 'सिनालोआ काउबॉइज'. मिगेल आणि लुईस हे दोघे भाऊ सीमा ओलांडून फळबागांत कामाला लागतात. निघताना बाप बजावतो की उत्तरेकडे जे मिळेल त्याची किंमतही मोजावी लागेल. मग कुणीतरी नशेचा माल बनवायचं काम देतं. बागेत वर्षभर राबून जे मिळतं, त्याच्या निम्मं इथं दहा तासांच्या एका पाळीत. एका रात्री खोपटात स्फोट होऊन लुईस जातो. दोघांनी साठवलेले दहा हजार डॉलर मिगेल जमिनीतून उकरून काढतो आणि भावाला तिथेच पुरतो.

या गाण्यात कुठल्या सरकारचं नाव नाही, घोषणा नाही. आहे तो हिशोब. मला तर तेच खरं राजकारण वाटतं, कारण आमच्या घरातली भांडणंही हिशोबाचीच होती. चौथीत होतो तेव्हापासून मुकादमाची वही मीच वाचून दाखवायचो. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, चिमणीच्या उजेडात वडील बोटं मोजायचे. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) इतकी, ऊस इतके टन, खाडे इतके. एका वर्षी शेवटच्या ओळीवर 'बाकी' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि कुणीच काही बोललं नाही. ती बाकी पुढच्या हंगामात फेडायची होती, म्हणजे पुढचं वर्षही ठरूनच गेलं.

एक उणीव मला फार टोचते. या अल्बममध्ये बाया आहेत, पण गोष्ट सांगणारी एकही नाही. 'द लाइन'मध्ये सीमेवरचा शिपाई लुईसा नावाच्या बाईत गुंततो आणि शेवटी नोकरी सोडून मजुरांच्या बारमध्ये तिचा चेहरा शोधत फिरतो. गाणं सुंदर आहे, पण लुईसाला काय वाटलं ते कळतच नाही. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. आईच्या हातांवर पाचटाचे चरे अजून आहेत. मिगेल-लुईसची गोष्ट मी तिला मराठीतून सांगितली. तिनं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "मंग त्याच्या मायला कुणी सांगितलं?"

गाण्यात ते नाही.

इंग्रजीची काळजी करू नका. शब्द साधे आहेत, ओळी समोर ठेवून एकदा सावकाश वाचा, मग ऐका. सुरुवात 'सिनालोआ काउबॉइज'पासून करा, मग 'द लाइन', मग 'गॅल्व्हस्टन बे'. त्यात टेक्सासचा मच्छीमार व्हिएतनामहून आलेल्या निर्वासिताला मारायला सुरा घेऊन रात्री दबा धरतो. पुढं काय होतं ते मी सांगत नाही, ते तुम्हीच ऐका.